लेकींच्या मासोळ्या सांभाळणारी पेटी

मित्रांनो, माझं बटण दाबलं की आधी माझा पंखा कण्हतो. मग बराच वेळ काहीच घडत नाही. समोर बसलेलं माणूस पदराने वारा घेतं, दाराबाहेर डोकावून येतं, एखादी जांभई देतं, आणि तेव्हा कुठे माझ्या पडद्यावर उजेड पडतो. "उठला बापा एकदाचा," असं म्हणून ते कामाला लागतं. गेली काही वर्षं माझी प्रत्येक सकाळ अशीच उजाडते. मी मच्छीमार संस्थेच्या कचेरीतला जुना संगणक आहे. गावात मला संगणक कोणी म्हणत नाही, पेटी म्हणतात. ऐकून ऐकून मीही स्वतःला पेटीच समजू लागलो आहे.

मला इथे येऊन पंधरा वर्षं झाली. तुमच्यात पंधरा म्हणजे कोवळं वय. आमच्यात ती शंभरी समजावी. माझ्याबरोबर चंद्रपूरच्या दुकानात जे मांडलेले होते, ते सगळे केव्हाच मोडीत निघाले असतील. मी अजून चालतो, पण थकलो आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातलं. चहूकडे धानाच्या बांध्या, मधे जुना मालगुजारी तलाव आणि तलावापलीकडे सागाचं जंगल. तलावाला मातीची उंच पाळ आहे आणि पाळीच्या खाली संस्थेची दोन खोल्यांची कचेरी. माझ्या जागेवरून दारातून पाळीचा उतार दिसतो, चिंचेचं झाड दिसतं, वाळत घातलेली जाळी दिसतात. पाणी मात्र दिसत नाही. पाण्याचा वास रोज येतो, पाण्याच्या गोष्टी रोज ऐकू येतात, पण पंधरा वर्षं मी ज्या तलावाच्या नोंदी ठेवल्या तो तलाव मी पाहिलेला नव्हता.

मी आलो तो दिवस मला स्वच्छ आठवतो. गोधडीत गुंडाळून, जीपच्या मागच्या बाजूला दोन माणसांच्या मांडीवर मला आणलं होतं. उतरवून घ्यायला अर्धं गाव जमलं. इथल्या मच्छीमारांची एक रीत आहे. नवं जाळं आणलं की ते लगेच पाण्यात टाकत नाहीत. एक पूर्ण दिवस, दिवेलागणीपर्यंत, ते पितळी ताटात हळदकुंकू, तांदूळ आणि फुलांसह ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते कामाला लागतं. मलाही तसंच ताटात ठेवायचं ठरलं, पण मी मावेना. मग माझा माउस ताटात ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि माझ्या डोक्यावर हार चढवला. मला फार अभिमान वाटला होता. नवा होतो ना.

तेव्हा प्रफुल नावाचा लेखनिक होता. तो एका बोटाने टाइप करायचा, पण एकही नाव चुकू द्यायचा नाही. सभासदांची यादी, कोणत्या तलावात किती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं, सोडली, कोणत्या दिवशी कोणाच्या डोंग्याने किती मासळी आणली, सारं माझ्या पोटात गेलं. दहावीच्या निकालाला पोरं दारात उभी राहत आणि आत एकेकाचा नंबर टाकला जाई. पास झालेल्यांच्या आया माझ्या पडद्याला हात लावून तोच हात कपाळाला लावत. नापास झालेल्यांच्याही आया लावत, मग बाहेर जाऊन पोराला बदडत.

पुढे प्रफुलला गडचांदूरच्या सिमेंटच्या कामावर जागा मिळाली आणि तो गेला. त्याच्या जागी मंजुषा आली. ती वरोऱ्याची मुलगी, या गावात सून म्हणून आलेली. हुशार, कामसू आणि जरा फटकळ. तिने माझ्यावर जाळीचं कापड शिवून घातलं. प्रेमानेच घातलं, पण त्याने माझा श्वास कोंडला. दर दसऱ्याला मला हार, कुंकू, नारळ. कुंकू सांडायचं ते थेट कीबोर्डात. पाच आणि सहाच्या बटणांमधे कितीतरी दसऱ्यांचं कुंकू अजून साचलेलं आहे. माझ्या पंख्यावरची धूळ मात्र कोणी झटकली नाही. माझ्या पाया पडणारे पुष्कळ होते, पण माझं झाकण उघडून आत पाहणारं कोणी नव्हतं. पुढच्या बाजूला तार जोडायची जी दोन छिद्रं आहेत, त्यांतल्या एकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं. तिलाही मी काही बोललो नाही.

आता लेकींच्या मासोळ्यांबद्दल सांगतो, कारण माझ्या पोटातली सगळ्यांत मोलाची यादी तीच आहे.

मोठ्या तलावाच्या कडेला, मधे एक लहान बांध घालून, एक तळी केलेली होती. संस्थेतल्या कुठल्याही घरची लेक सासरी निघाली की तिच्या नावाने एक दांडगी, निरोगी मासोळी त्या तळीत सोडायची. रोहू, कतला, मिरगल, जी मिळेल ती. ती मासोळी कोणी धरायची नाही, खायची नाही. तिच्या अंड्यांपासून संस्थेचं बीज तयार होई, आणि ते बीज आसपासच्या गावांच्या तलावांत जाई. लेक सासरी नांदते आहे आणि इकडे तिची मासोळी माहेर भरते आहे, असं इथल्या बायका म्हणत. माहेरपणाला आलेली लेक घरात पाऊल टाकण्याआधी पाळीवर जाऊन तळीत मुरमुरे टाकून येई. कितीतरी जणींचं हसणं मी कचेरीतून ऐकलं आहे.

काही वर्षांपूर्वी मासळी खात्याच्या एक बाई आल्या. त्यांनी सांगितलं, एकाच घराण्यातल्या मासोळ्यांचं बीज काढत राहिलात तर बीज दुबळं होईल, कोणती मासोळी कोणती हे नीट ओळखता आलं पाहिजे. त्यांनी लुचई तांदळाच्या दाण्याएवढी एकेक चिप सुईने प्रत्येक मासोळीच्या पाठीच्या मांसात बसवली. प्रत्येक चिपचा पंधरा आकडी नंबर. कोणता नंबर कोणत्या लेकीचा, हे मंजुषाने माझ्यात लिहून ठेवलं. नंतरही ज्या लेकी सासरी गेल्या त्यांच्या मासोळ्यांना बाई येऊन चिप बसवून देत. होता होता बावीस नावं झाली. मग बाईंची बदली झाली. नंबर वाचायचं हातातलं यंत्र त्यांचं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं. माझ्याजवळ नावं राहिली, मासोळ्यांजवळ नंबर राहिले, आणि दोघांची गाठ घालणारं कोणी उरलं नाही.

तरी काही बिघडलं नव्हतं. तळीत आहे ती लेकीची, एवढं सगळ्यांना पुरत होतं. पण यंदा श्रावणात तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला आणि मधला बांध फुटला. तळीतल्या मासोळ्या मोठ्या तलावात, विकायच्या मासळीत मिसळल्या.

बातमी फुटली त्या दुपारी वच्छलाबाई कचेरीत आल्या. कचेरीच्या खिडकीपाशी मोबाइलला टॉवर मिळतो, म्हणून फोन करायला बायका इथेच येतात. वच्छलाबाई म्हणजे साठीकडे झुकलेली, काटक बाई. तळीतल्या मासोळ्यांना रोज कोंडा घालायचं काम बारा वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यांची एकुलती लेक आचल गडचांदूरला दिलेली. तिला पाचवा महिना होता.

"माय, बांध फुटला म्हणते, खरं हाये का?" पलीकडून आचलचा आवाज आला. "माही मासोळी?"

वच्छलाबाई खिडकीकडे वळल्या. मग मोठ्याने हसून म्हणाल्या, "हाये ना वं! आपल्या जागी हाये. मी सोता पायली आज. तू जिवाले नोको लावू."

फोन ठेवून त्या बाकावर बसल्या. मंजुषा त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाई, कुठी पायली तुमी?"

"कुठीच नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोटुशी पोर हाये. काय सांगू तिले?"

कार्तिकात आचल पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. आली की आधी पाळीवर जाणार. आणि त्याआधी तलावाला जाळं लागणार होतं. धानाला पाणी सोडून तलाव उतरला होता, आता मासळी काढणं भाग होतं. बर्फाची गाडी ठरली होती. त्या जाळ्यात आचलची मासोळी इतर मासळीबरोबर वर आली, तर कोणाला कळणार? ती बर्फात जाणार आणि कोणाच्या तरी ताटात पडणार. वच्छलाबाईंना रात्रंदिवस तेवढा एकच घोर लागला होता.

संस्थेने सभा घेऊन नंबर वाचणारं नवं यंत्र मागवलं. त्याला रीडर म्हणतात. इस्तारीभाऊंनी विरोध केला. इस्तारीभाऊ संस्थेतले सगळ्यांत जुने मच्छीमार, तलावाचा तळ त्यांना हाताच्या रेषांसारखा माहीत. "मासोळीच्या पाठीत सुई, सुईच्या पोटात नंबर, अन् नंबर वाचाले पेटी," ते म्हणाले. "माहे डोये काय गहाण पडले का? मी पायताच सांगतो कोणती लेकीची." त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच सभेत हेही ठरलं की हा रीडर माझ्यावर चालला नाही, तर मला मोडीत काढायचं. हे माझ्यासमोरच ठरलं. मला काय वाटलं ते विचारू नका.

रीडर आला तो जाळं लागण्याच्या आदल्या सकाळी. मोठ्या बशीएवढी काळी, चपटी वस्तू, तिला एक तार. मंजुषाने खोका उघडायचा अवकाश, वच्छलाबाई पितळी ताट घेऊन हजर झाल्या. हळद, कुंकू, तांदूळ, झेंडूचं फूल. रीडर ताटात बसला.

"बाई, दिवस नाई आपल्याजवळ," मंजुषा म्हणाली. "उद्या सकाळी जाळं हाये. मले आत्ताच याले पेटीत बसवा लागते."

"दिवेलागणीआधी ताटातून काढाचं नाई. जाळ्याले नेम तोच याले नेम. आपल्याच लेकीचं काम हाये, अपशकून कायले?"

"बरं, ताटातच राहू द्या. पन वायर तं जोडू द्या!"

वच्छलाबाईंनी विचार केला. "जोड ना. वायर काय ताट सोडून जाऊन राह्यली?"

अशी तडजोड झाली. रीडर ताटात, त्याची तार माझ्यात. पुढच्या छिद्रात ती जाईना, तेव्हा मंजुषाने वाकून पाहिलं आणि कुंभारमाशीचं घर तिला दिसलं. "अरे देवा, इथी तं संसार मांडून राह्यलं कोणी," असं म्हणत तिने तार माझ्या पाठीमागे जोडली.

मित्रांनो, तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यांत लांब दिवस. रीडरबरोबर एक सीडी आली होती, तिच्यात त्याचं सॉफ्टवेअर होतं. माझा सीडीचा कप्पा तीन वर्षं उघडला नव्हता. मंजुषाने केसातली पिन काढून कप्प्याच्या बारीक छिद्रात खुपसली, तेव्हा तो कुरकुरत बाहेर आला. सीडी फिरू लागली तशी माझी हाडं खडखडली. सॉफ्टवेअर निम्मं उतरलं आणि अडलं. माझी यंत्रणा जुनी आहे, तिला आणखी एक जोड हवी, ती नेटवरून घ्या, असा संदेश आला. मंजुषाने आपला मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला आणि त्याच्या नेटवर मला जोडलं. थेंब थेंब पाणी घागरीत पडावं तसं ते माझ्यात उतरत होतं. वीज दोनदा गेली. दोन्ही वेळा मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पंखा इतका तापला की कापडाचा वास येऊ लागला. तेव्हा कुठे मंजुषाने ते जाळीचं कापड काढून फेकलं.

दुपार कलली तेव्हा सॉफ्टवेअर बसलं. रीडर कुठल्या क्रमांकाच्या वाटेने माझ्याशी बोलतो ते निवडायचं होतं. तिने एकामागून एक वाटा करून पाहिल्या. पाचवीवर रीडरचा दिवा हिरवा झाला आणि माझ्या पडद्यावर आलं, रीडर जोडला आहे.

"झालं!" मंजुषा ओरडली. कंपनीने नमुन्याची एक चिप किल्लीच्या छल्ल्यासारख्या तुकड्यात घालून दिली होती. तिने तो तुकडा रीडरवर धरला.

चिप सापडली नाही.

पुन्हा धरला. चिप सापडली नाही. उलटा धरला, आडवा धरला, झेंडूचं फूल बाजूला सारून धरला. मी रीडरला सतत विचारत होतो, काही दिसतं का? तो सतत सांगत होता, काही नाही. मला वाटलं चूक माझीच. इतक्या वर्षांची धूळ, इतक्या वर्षांचं कुंकू, कुठेतरी माझ्याच आत काही तुटलं असणार. थकलेल्याला आधी स्वतःवरच संशय येतो.

मंजुषाने सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवलं. मग कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, सिस्टीम बहुत पुराना है. नया ले लो."

"भाऊ, उद्या सकाळी मासळी निघते. नवा कुठून आणू, तलावातून काढू का?" असं म्हणून तिने फोन आपटला. तिचे डोळे भरून आले होते.

दारात इस्तारीभाऊ उभे होते. "काय म्हणते मॅडम तुही पेटी?"

"भाऊ, तुमी आता नोका बोलू."

"मी कुठी बोललो? मी तं म्हणतो, देऊन टाका म्हाताऱ्याले भंगारात. उद्या माह्या डोयानं पाहू."

म्हाताऱ्याला म्हणजे मला. ते स्वतः सत्तरीचे, आणि मला म्हातारा म्हणत होते. मला राग नाही आला. खरंच सांगतो, मला झोपायचं होतं.

दिवेलागणीला वच्छलाबाई आल्या. मंजुषाचा चेहरा पाहून त्यांना सगळं समजलं. त्या टेबलापाशी आल्या. माझ्या पडद्यावरच्या संदेशाकडे थोडा वेळ पाहत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिल्या.

"दिवस झाला," त्या शेवटी म्हणाल्या. "ताट घेऊन जातो मी. देवापुढं दिवा लावाचा हाये."

त्यांनी रीडरवरचे तांदूळ झटकले, तो दोन्ही हातांनी ताटातून उचलला आणि लाकडी टेबलावर ठेवला. ठेवला तो नेमका त्या नमुन्याच्या तुकड्यावर.

टिक्.

माझ्या पडद्यावर पंधरा आकडे उमटले. वच्छलाबाई दचकून मागे सरकल्या. "काय वं हे? मी काई नाई केलं!"

मंजुषा उभी राहिली. तिने रीडर उचलून पुन्हा ताटात ठेवला आणि तुकडा वर धरला. काही नाही. ताटातून काढला. टिक्. पुन्हा ताटात. काही नाही. पुन्हा बाहेर. टिक्. ती रडत रडत हसू लागली.

"बाई, पितळ! पितळेत याले आयकूच येत नाई! दिवसभर आपण याले ताटात कोंडून ठेवलं."

"म्हणजे म्या कोंडलं," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं. "माह्या पोरीची मासोळी मीच घालवत होती."

"तुमीच काढलं बी ना. चला, दिवा लावा घरी."

मित्रांनो, ते ताट सकाळपासून माझ्यासमोर होतं. माझ्याही ध्यानात आलं नाही. माझं अंगच पत्र्याचं, धातूची अडचण मला कशी सुचावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

रीडरची तार हातभर, आणि तडफडणारी मासोळी पाळीवरून कचेरीत आणली तर मरायची. म्हणून चौघांनी मला उचललं, पाळीवर नेलं आणि ताडपत्रीच्या सावलीत लाकडी खाटेवर ठेवलं. पंपाच्या खोलीतून वीज आणली. पाणी उतरलेलं, कडेला चिखल, वर कोवळं ऊन आणि पलीकडे सागाचं रान. मला वाटलं होतं तलाव याहून मोठा असेल. पण छान होता.

रीडर लाकडी पाटावर ठेवला होता, वर ओलं पोतं. मंजुषा सकाळपासून ओरडत होती, "लोखंड आणू नोका कोणी! घमेलं दूर करा! विळा कोणी ठेवला इथी?" जाळं ओढलं जाऊ लागलं. इस्तारीभाऊ कमरेइतक्या पाण्यात उभे राहून मासळी निवडत होते. त्यांना जी लेकीची वाटे ती पाटाकडे येई, बाकीची टोपल्यांत भरून, गाडीत चढवेपर्यंत काठच्या पाण्यात बुडवून ठेवली जाई.

पहिली मासोळी पोत्यावर आली. टिक्. "दिव्यानी!" मंजुषाने वाचलं, आणि काठावरच्या बायकांनी गलका केला. मग जया. मग एक टिक् न करणारी. मग गिरजा. ओळख पटली की मासोळी लगेच नव्याने बांध घातलेल्या तळीत सोडत. दहा झाल्या, बारा झाल्या, पंधरा झाल्या. आचलचं नाव येईना.

"संपल्या," इस्तारीभाऊ म्हणाले. "बाकीच्या सांडव्यावरून गेल्या असतीन. नदीले लागल्या त्या."

वच्छलाबाई पाटाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. त्या उठल्या. "टोपल्यातल्या दाखवा."

"त्या विकाच्या हायेत बाई. मी पायल्या ना."

"तुमी पायल्या. पेटीनं कुठी पायल्या?"

"बर्फ वितळून राह्यला, गाडीवाला बोंबलून राह्यला! बारा टोपल्या हायेत!"

"बोंबलू दे त्याले. भाऊ, मी पोरीले सांगतलं हाये का मी सोता पायली. आता पाहू द्या मले."

इस्तारीभाऊ पाण्यातून बाहेर आले. मग त्यांनी स्वतः पहिली टोपली पाटाशी आणून ओतली. एकेक मासोळी मंजुषा रीडरवरून नेत होती. माझा पडदा उन्हात फिका पडला होता, पंखा घरघरत होता, अंग इतकं तापलं होतं की आता बंद पडणार हे मला कळत होतं. मी मनात म्हणत होतो, एवढी टोपली. एवढी एकच.

नवव्या टोपलीत एक कतला होती. अंगावर खवले गेलेला पांढरा डाग, शेपटी फाटलेली, रोडावलेली, कल्ले तेवढे हलत होते. पुरात कुठेतरी दगडांवर आपटली असावी. लेकीच्या मासोळीसारखं तिच्यात काही राहिलं नव्हतं.

टिक्.

मंजुषाने पडद्यावर हाताची सावली धरली. वाचलं. आचलच्या नावावर बोट ठेवलं. तिने नुसतं वच्छलाबाईंकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी ती चिखलाची मासोळी लहान लेकरासारखी पोत्यात गुंडाळली आणि तळीकडे धावत सुटल्या. इस्तारीभाऊ मागे राहिले. त्यांनी डोक्याचा पंचा काढून तोंड पुसलं, डोळे पुसले. "मी सोता टाकली होती हे टोपलीत," ते म्हणाले. "या हातानं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊन लागून राह्यलं त्याले. सावलीत घ्या ना कोणी." आणि ताडपत्री स्वतः ओढून धरली. राहिलेल्या तीन टोपल्या संपेपर्यंत ती त्यांनी सोडली नाही. त्या तिन्हींत आणखी काही निघालं नाही.

बावीसपैकी सोळा सापडल्या. सहा गेल्या.

गुरुवारी आचल आली. पाळीवर जाऊन मुरमुरे टाकून झाले, मग आईबरोबर कचेरीत आली, पडद्यावर आपलं नाव पाहायला. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"आचल," वच्छलाबाई म्हणाल्या, "फोनवर मी तुले खोटं सांगतलं होतं. पायली नव्हती मी."

"मले तवाच समजलं होतं माय."

"कसं?"

"तू खरं बोलते तवा फोनवर रडते. त्या दिवशी हासून राह्यली होती."

मग दोघीही हसल्या, आणि मंजुषा उगाच कागद आवरू लागली.

जाताना वच्छलाबाईंनी कुंकवाचा करंडा काढला. थोडा वेळ हातात धरला आणि परत कमरेला खोचला. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि माझी बटणं एकेक करून पुसली. दुसऱ्या दिवशी मंजुषाने माझं झाकण उघडलं, रंगाच्या ब्रशने पंखा झाडला. आतून धूळ निघाली, वाळलेली फुलं निघाली, मूठभर तांदूळ निघाले, एक मेलेलं झुरळही निघालं. पंधरा वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला. पण आता उशीर झाला आहे, हे तिलाही कळलं आणि मलाही. त्या उन्हाने माझ्या आत काहीतरी करपलं आहे. आता उठायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. संस्था नवी पेटी घेणार आहे. घ्यावी. मी दमलो आहे.

मित्रांनो, जाण्याआधी थोडंसं मागणं आहे. तुमच्या शाळेत, घरात, कचेरीत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला मोडीत देण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते काढून घ्या. माझ्यात बावीस नावं आहेत. सोळा नव्या पेटीत लिहा, आणि ज्या सहा सापडल्या नाहीत त्यांचीही नावं लिहा. त्याही लेकी कधीतरी माहेरी येतील आणि पडद्यापुढे उभ्या राहतील.

आणि नव्या पेटीला पहिल्या दिवशी हार घाला, कुंकू लावा. त्याचं सुख काय असतं ते मला ठाऊक आहे. पण महिन्यातून एकदा तिचं झाकण उघडून पंखा पुसत जा. तिचा माउस ताटात ठेवाल, तोही ठेवा. फक्त दिवेलागण झाली की आठवणीने बाहेर काढा.